पट्टी उजव्या गुडघ्याला

आमच्या कोल्हापुरात पेठेकडून फुटबॉल खेळणारं पोर सगळ्यात आधी एक गोष्ट शिकतं. लंगडायचं नाही. त्यानंतर शिकतं ती पट्टीची युक्ती. डावा पाय दुखत असेल तर क्रेप बँडेज उजव्याला गुंडाळायचं. समोरचा डिफेंडर पट्टी हेरूनच लाथ घालतो, तेव्हा त्याला चांगला पाय दाखवायचा आणि दुखरा लपवायचा. मी चौदा वर्षांचा असताना तालमीच्या संघातल्या मोठ्या पोरांनी मला हे शिकवलं. बडोद्याला आल्यावर मी ते माझ्या संघातल्या पोरांना शिकवलं. ती त्याला ‘दत्ता की पट्टी’ म्हणायची.

त्या पट्टीमुळंच मी हे लिहायला बसलोय. आज माझा डावा पाय मांडीच्या मध्यापासून खाली नाही. ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच समोर बसवून सांगितलंय त्यांच्यासाठी हे आहे. आणि ज्यांना कुणी सांगायच्या आधीच आतून कळलंय, पण जे बोलत नाहीत, त्यांच्यासाठी तर नक्कीच आहे. माझं शिक्षण जेमतेम. लिहायची सवय बी.ए.च्या स्वाध्यायांपुरती. शुद्धलेखन माझ्या घरमालकीण जगतापकाकूंनी तपासलंय. त्यांच्याबद्दल जे लिहिलंय त्यातलं एक अक्षरही त्यांनी खोडलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जेवणाचं टेबल

वडील गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. दादा फौंड्रीत होता, मीही तिथंच लागलो. दिवसभर मोल्डिंगची वाळू आणि संध्याकाळी मैदान. एका स्पर्धेत बडोद्याच्या लोकांनी माझा खेळ पाहिला आणि वाघोडियाच्या एका कारखान्याच्या संघात घेतलं. करार वर्षाचा, दर उन्हाळ्यात नवा. पगार घ्यायचा आणि फुटबॉल खेळायचा. आईला ते कितीतरी दिवस पटलंच नाही. फोनवर विचारायची, “नुसतं खेळायचं? मग काम कवा करतोस?”

मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, खेळ तिशीला संपतो. पदवी असेल तर नंतर ऑफिसात घेऊ, नसेल तर गेटवर उभं राहावं लागेल. म्हणून मी दूरशिक्षणाचा फॉर्म भरला. बारावी नसलेल्यांना आधी सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो करून बी.ए.ला बसलो. विषय इतिहास, माध्यम हिंदी. पुस्तकं पोस्टानं यायची. ज्या रविवारी सामना नसेल त्या रविवारी अभ्यासकेंद्रावर तास.

बडोद्यात तरसालीला जगतापांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, काकू मराठी शाळेतून. त्यांचं मराठी बडोद्याचं, वाक्याच्या शेवटी गुजराती ‘ने’. मुलगी लग्न होऊन लांब. पहिल्या परीक्षेच्या वेळी काकू जिन्याखालून ओरडल्या, “वर त्या कॉटवर काय वाचतोस? पाठीचा कणा वाकडा होईल. खाली ये ने, टेबल आहे.” तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी माझा अभ्यास. काका टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे आणि मधूनच विचारायचे, “काय हो सेंटर फॉरवर्ड, आज कितवा बादशहा गेला?”

दुखणं मला पहिल्यांदा भेटलं ते याच टेबलाशी. धावताना जे दुखतं ते खेळाडूला ओळखीचं असतं. हे मैदानावर कमी आणि बसल्यावर जास्त दुखायचं. डाव्या गुडघ्याच्या जरा वर, आत कुठंतरी. मी ठरवून टाकलं, मुका मार. तेल, हळद, गरम विटेचा शेक, सगळं केलं. चोळ चोळ चोळलं. आणि उजव्या गुडघ्याला पट्टी बांधून खेळत राहिलो.

एका संध्याकाळी काकू पालक निवडत समोर बसल्या होत्या. मी वाचत होतो. त्या म्हणाल्या, “दत्ता, पट्टी उजव्याला आहे.”

“हो.”

“मग गेले पंधरा दिवस टेबलाखाली डावा का चोळतोस?”

मी हसून त्यांना युक्ती सांगितली. त्या हसल्या नाहीत. “खेळात ठीक आहे. डॉक्टरला तरी खरं सांगशील ने?”

“काकू, एप्रिलात करार आहे. तोवर कुणाला बोलू नका. काकांनापण नको. माझी शपथ आहे तुम्हाला.”

त्यांनी पालकाची जुडी बाजूला सारली. “माझ्याकडून शपथ घेतोस, आणि डोळे पुस्तकात,” एवढंच म्हणाल्या. पण शपथ पाळली.

स्वच्छ फिल्म

कराराआधी संघाची तपासणी होते. डॉक्टर बाहेरचे होते, भले होते. त्यांनी माझी पट्टी बघितली आणि विचारलं, “ये घुटना तकलीफ देता है?”

त्या खोलीत मी होतो, डॉक्टर होते आणि भिंतीवर एक कॅलेंडर होतं. समोर कुणी डिफेंडर नव्हता. तरी मी म्हणालो, “हाँ सर, थोड़ा.”

त्यांनी उजव्याचा एक्स-रे काढायला लावला. फिल्म काचेवर धरून म्हणाले, “एकदम क्लीन. खेलो.” दोष त्यांचा नाही. मी दाखवला तोच पाय त्यांनी बघितला.

तुम्हाला कसं सांगू, पण ती फिल्म घरी आणताना मला खरोखर बरं वाटत होतं. जणू डाव्याचाच निकाल आला होता. काकूंनी विचारलं तेव्हा मी पाकीट पुढं केलं. “बघा, क्लीन.” त्यांनी फिल्म खिडकीकडं धरली, वाचायला येत असल्यासारखी. कोपऱ्यात उजव्या पायाची खूण होती. ती त्यांना दिसली की नाही, तेव्हा मला कळलं नाही.

करार झाला. त्यानंतर मी चार महिने खेळलो.

कुणी हातही लावला नव्हता

सरावात पडलो. सामनासुद्धा नव्हता. जिग्नेशनं, माझ्याबरोबर पुढच्या फळीत खेळणाऱ्या पोरानं, डावीकडून साधा पास दिला. मी वळलो आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज माझ्यातून आलाय हे खाली पडेपर्यंत मला समजलं नाही. जिग्नेश धावत आला आणि सगळ्यांकडं बघून ओरडत सुटला, “कोई अड्यूं पण नथी! कोई अड्यूं पण नथी एने!” कुणी स्पर्शही केला नव्हता. मग हाड मोडलं कसं?

दहा दिवसांनी, हाडाचा काढलेला तुकडा तपासून आल्यावर, मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला आणि काकांना समोर बसवलं. बाई गुजराती, आवाज शांत. “बेटा, हड्डी में गाँठ है। कैंसर की है।” काकांनी लगेच विचारलं, “मॅडम, वो तो ठीक है, पण प्लास्टर कधी निघेल?” एका वाक्यात त्यांच्या दोन भाषा झाल्या होत्या. आयुष्यभर मशिनी दुरुस्त केलेला माणूस. बिघाड सांगितला की दुरुस्ती विचारायची, एवढंच त्यांना माहीत.

बाईंनी मला विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं? मी खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “तो जनवरी-फ़रवरी में एक्स-रे क्यों नहीं कराया?”

“कराया था, मॅडम.”

“कहाँ है?”

ती फिल्म घरी, कपाटावर होती. मी ती कशी दाखवणार?

त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी शेव-उसळीचा डबा उघडला होता, तो वास आठवतो. आणि काका रिक्षात माझ्या प्लास्टरवर पूर्ण वेळ हात ठेवून बसले होते ते आठवतं.

तुम्हाला जर त्या खुर्चीत बसावं लागलं, तर बरोबर कुणाला तरी न्या. ऐकलेलं तुमच्या लक्षात राहणार नाही. काकांनी बाईंचं बोलणं बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं होतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही त्या तिकिटावर चाललो.

वॉर्ड

आधी औषधाच्या फेऱ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा फेऱ्या. दर तीन आठवड्यांनी भरती व्हायचं. सकाळी रक्त, मग सलाईन, मग ते लाल औषध. दुपारपासून उलट्या. चौथ्या दिवशी घरी. केस गेले, भुवया गेल्या. काका म्हणाले, “आता हेडिंगला बरं. चेंडू सटकणार नाही.” मी हसलो तर तेच रडायला लागले आणि पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून बाहेर गेले.

शेजारच्या खाटेवर रसिकभाई होते, डभोईचे शिंपी. माझ्याकडं इतिहासाचं पुस्तक बघून म्हणाले, “मोठेथी वांचो ने भाई, ऊंघ सारी आवे छे.” मोठ्यानं वाच, झोप छान लागते. मग मी हिंदीतून महसूल व्यवस्था मोठ्यानं वाचायचो आणि रसिकभाई पाचव्या ओळीला घोरायला लागायचे. एक आख्खा स्वाध्याय मी त्यांना झोपवता झोपवता पाठ केला. चौथ्या फेरीला गेलो तेव्हा त्या खाटेवर दुसरा माणूस होता. मी सिस्टरला काही विचारलं नाही.  तिनं पहिल्याच टोचणीत माझी शीर धरली आणि डोक्यावर हात ठेवून गेली.

अशा बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवाव्यात असं मला वाटतं. काकू मुगाचं पाणी आणायच्या, वर हिंग घातलेलं. तेवढंच पोटात राहायचं. काकांनी वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राकडून न्हाणीघरासाठी लोखंडी स्टूल करून आणलं. त्याच्या पायांना रबर बसवलं आणि स्वतः वर बसून, डोलून बघितलं. मॅनेजरसाहेबांनी कारखान्यातर्फे उपचारांचं बघितलं, पुढच्या मोसमासाठी मात्र दुसरा फॉरवर्ड घेतला. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही लिहितो.

बाकावर

आईला मी मुका मारच सांगितला होता. काकांनी एके दिवशी माझा फोन काढून घेतला आणि कोल्हापूरला लावला. दोन दिवसांनी आई आणि दादा इस्पितळाच्या दारात उभे होते.

आईनं माझ्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, “ताप येतोय का रं?” 

दादा चिडला होता. भीतीनं चिडला होता, ते आता कळतं. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं होतं की हाड मोडल्यामुळं गाठ आजूबाजूला पसरलीय, आता पाय वाचवता येईल असं वाटत नाही. चार-पाच महिने आधी आला असता तर पुष्कळ करता आलं असतं. तो पॅसेजमध्ये आला तो माझ्या अंगावरच.

“तुला कळत न्हवतं व्हय रं? दुखतंय ते कळत न्हवतं?”

 व्हीलचेअरवरून मला उठून जाताही येईना.

मग तो काकूंकडं वळला. “आणि तुमी. शाळंत शिकिवलंय म्हणं तुमी. पोरगं रोज तुमच्या टेबलाला बसत हुतं. तुमाला बी दिसलं न्हाई?”

काकू उभ्या होत्या. हातात डब्याची पिशवी. त्या म्हणाल्या, “मला दिसलं होतं.”

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“पट्टी चुकीच्या पायाला आहे हे मला माहीत होतं. फिल्म उजव्या पायाची होती, तेही मी वाचलं होतं. यानं शपथ घातली, मी गप्प बसले. तीस वर्षं मुलांच्या थापा पकडल्या मी. ही पकडली, आणि हातात धरून बसले.”

काकांनाही हे नवीन होतं. ते काकूंकडं बघतच राहिले.  मी सांगायचा प्रयत्न केला की चूक माझी आहे, शपथ मी घातली. पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आई बाकावर बसली होती. ती जराशी सरकली, पदरानं बाजूची जागा पुसली आणि काकूंना म्हणाली, “बसा. उभ्या किती ऱ्हाशीला.”

काकू बसल्या. दोघी शेजारी शेजारी, दोघींच्या मांडीवर पिशव्या. आई मराठीतच बोलत होती, पण तिचं कोल्हापुरी काकूंना पुरतं कळत नसावं. तरी त्या मान हलवत होत्या.

सांगा, कोणता पाय

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट करतात, ती तुम्हाला माहीत असलेली बरी. मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर मार्कर पेन घेऊन येते आणि ज्या पायावर ऑपरेशन करायचंय त्यावर बाण काढते. पण काढण्याआधी ती पेशंटकडूनच वदवून घेते. कागदावर लिहिलेलं असतं, तिला ठाऊक असतं, तरीही.

“कौन सा पैर? आप बोलो।”

मी तिच्या हातातल्या पेनकडं बघत राहिलो. ती केरळची होती, घाईत होती, पण थांबली. “डरने का नहीं। बस बोलने का।”

सबंध वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी मला तो प्रश्न विचारला होता आणि मला खरं उत्तर द्यायचं होतं.

“बायाँ,” मी म्हणालो. मग तिला समजणार नाही हे माहीत असूनही मराठीत म्हणालो, “डावा. पहिल्यापासून डावाच होता.”

तिनं मांडीवर बाण काढला. पेन गार होतं.

पुढं पायाचं काय करतात, कुठं नेतात, त्यासाठी घरच्यांची सही लागते. दादानं ती दिली आणि दुपारभर तो कुठंतरी गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या चपलांना ओली माती होती. मी अजून त्याला विचारलेलं नाही. तोही सांगत नाही. त्यानंतर तो माझ्यावर कधी ओरडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

नसलेला पाय

पाय गेल्यावरही दुखतो. तळव्याला खाज येते. एकदा झोपेतून उठून सरळ चालायला गेलो आणि कपाटावर आदळलो. हे सगळ्यांना होतं, वेड लागलेलं नसतं. मला वाटलं होतं वेडच लागलं. बाईंना विचारायला दोन आठवडे घालवले. तुम्ही घालवू नका.

आईला वाटत होतं मी कोल्हापूरला यावं. मलाही वाटत होतं. पण फेऱ्या बाकी होत्या, परीक्षेचं केंद्र इथं होतं, आणि खरं सांगायचं तर पेठेत कुबड्या घेऊन उतरायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी मैदानाचा गलका आमच्या घरापर्यंत येतो. आई दोन महिने राहून गेली. जाताना काकूंना नमस्कार करायला वाकली तर काकूंनी तिला वरच्या वर धरलं.

फेऱ्यांमुळं पुढच्या वर्षीची जूनची परीक्षाही बुडाली होती. डिसेंबरात बसलो. वर्ग पहिल्या मजल्यावर होता. काकांनी आदल्या दिवशी जाऊन खटपट केली आणि मला तळमजल्यावर बाक मिळवून दिला. तीन तास लिहिलं. महसूल व्यवस्थेवर प्रश्न आला होता. लिहिताना शेजारून घोरणं ऐकू येईल असं वाटत होतं. अजून दोन पेपर राहिलेत. ऑफिसातली जागा मिळेल की नाही ठाऊक नाही. साहेब म्हणतात, आधी पदवी आण.

ही गाठ फुफ्फुसात पसरू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी छातीचा स्कॅन असतो. आधीच्या आठवड्यात मला जेवण जात नाही. खोकला आला की स्कॅनची तारीख मोजतो. यातून बाहेर पडलो असं मी म्हणणार नाही. आज आहे, एवढं म्हणतो.

ती फिल्म काकूंनी टाकून दिली असेल असं मला वाटलं होतं. परवा कपाट आवरताना सापडली. उजेडाकडं धरली. सरळ, स्वच्छ हाड. मी ज्या पायावर उभा राहून ती बघत होतो, तोच पाय.

जिग्नेश

गेल्या महिन्यात जिग्नेश भेटायला आला. मोसमाच्या गप्पा, कोण आलं, कोण गेलं. उठताना त्यानं टेबलाला हात टेकला. त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टी होती.

मी विचारलं, “खरा कोणता?”

“अरे कंई नथी, भाई. थोडूं लागेलूं छे.” काही नाही, थोडं लागलंय.

“जिग्नेश, पट्टी मी शिकवलीय तुला. खरा कोणता?”

तो माझ्याकडं बघून हसला. मग टेबलाखाली, जिथं माझा डावा पाय असायला हवा होता, तिथं त्याची नजर गेली आणि हसणं थांबलं. त्यानं हळूच हात डाव्या गुडघ्यावर ठेवला. “पण पुढच्या आठवड्यात करार आहे, भाई. कोई ने केता नै.” कुणाला सांगू नकोस.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. काकू हात पुसत बाहेर आल्या. त्या दिवसानंतर हॉस्पिटलच्या बाकावरचा तो विषय त्यांनी माझ्याशी एकदाही काढला नव्हता. त्यांनी पायात चपला घातल्या.

“ऊठ,” त्या जिग्नेशला म्हणाल्या. “चाल, हूं आवूं छूं.” चल, मी येते.

“काकी, काले जईश—”

“उद्या नाही, आत्ता.”

दोघं रिक्षानं गेले. मी टेबलाशी बसून होतो. पुस्तक उघडं होतं, एक ओळ वाचली नाही. दोन तासांनी जिग्नेशचा फोन आला. गाठ वगैरे काही नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लिगामेंट ताणलेलं, सहा आठवडे आराम. कराराचं काय होईल ते होईल.

मग तो म्हणाला, “पण भाई, तारी काकी तो जबरी छे.” एक्स-रेवाल्यानं त्याला विचारलं होतं, कोणता गुडघा? त्यानं तोंड उघडलं, आणि खरं सांगतो म्हणाला, सवयीनं त्याच्या तोंडात उजवाच आला होता. तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या,

“दोन्ही काढा.”